लाइन कोण थांबवू शकतो?

आठवड्याला किती तास काम करावं यावर आपल्याकडे गेली दोन-तीन वर्षं गदारोळ चालू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी सत्तर तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा व्हिडिओ फिरला. ते थेट नव्वद तासांपर्यंत गेले आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असंही विचारून मोकळे झाले. विनोद झाले, संताप झाला, विषय विरला असं वाटलं. मग सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारावर नेण्याला मंजुरी दिली. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या दुकानांत आणि कार्यालयांत ती नऊवरून दहावर. कारखान्यांतल्या ओव्हरटाइमची तिमाही कमाल ११५ तासांवरून १४४ करायचं ठरलं. गुंतवणूक येईल, उद्योग करणं सोपं होईल, कामगारांना जादा पैसे मिळतील, ही कारणं.

या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट धरून चालतात, की काम म्हणजे तास. एक म्हणते वाढवा, दुसरी म्हणते खबरदार. मला हे मोजमापच चुकीचं वाटतं. एखाद्या ठिकाणी काम चांगलं होतं की नाही हे बऱ्याच अंशी दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं. तिथल्या सगळ्यात खालच्या माणसाला चूक दिसली तर तो ती बोलू शकतो का, आणि बोलल्यावर त्याच्या मदतीला कोणी येतं की त्याच्या अंगावर येतं?

तासांचा हिशेब आधी संपवून टाकू, कारण तो शंभर वर्षांपूर्वीच लागलेला आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत, बहुतांश बायका, आठवड्याला साठ-सत्तर तास राबत होत्या. त्या वेळी सरकारी समितीने जमवलेली आकडेवारी अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये पुन्हा तपासली. साधारण पन्नास तासांपर्यंत तासागणिक उत्पादन वाढत होतं, मग वाढ मंदावली, आणि सत्तर तासांत जेवढा माल निघत होता तो छप्पन तासांतल्या मालापेक्षा फारसा वेगळा नव्हता. मूर्तींचा आकडा आणि हा आकडा एकच असावा हा योगायोग. आपल्याला तर यासाठी ब्रिटनलाही जायला नको. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या काही वर्षांच्या खटपटीनंतर. मुंबईचा कापडधंदा रविवारच्या सुट्टीने बुडाला नाही, तो त्यानंतर कितीतरी दशकं वाढत राहिला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कामाच्या ठिकाणचं वातावरण आणि कामाचा दर्जा यांचा संबंध सांगताना बहुतेक लेखांत हसरे चेहरे, फुगे आणि टेबल टेनिसचं टेबल येतं. मला त्याऐवजी एक कारखाना महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे जवळपास प्रयोगशाळेत घडावं तसं घडलं. माणसं तीच राहिली, जागा तीच, युनियन तीच. बदलली फक्त कामाची रीत.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. कंपनीच्या सगळ्यात वाईट कारखान्यांत त्याची गणना व्हायची. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात, आणि सोमवारी सकाळी कधीकधी लाइन, म्हणजे गाडी टप्प्याटप्प्याने जोडत पुढे नेणारी साखळी, सुरू करायलाही माणसं पुरत नसत. आवारात दारू चाले, जुगार चाले. युनियनने नोंदवलेल्या तक्रारींचे ढीग पडलेले, मधूनच बेकायदा संप. रागावलेले कामगार गाडीच्या दाराच्या पत्र्याआड रिकामी बाटली सोडून देत. गाडी विकली जाई, रस्त्यावर आली की खडखडे, आणि का खडखडतेय ते मालकाला कळत नसे. एवढ्या बजबजपुरीतही एक नियम मात्र कोणी मोडत नसे, लाइन थांबवायची नाही. इंजिन उलटं बसलं, ब्रेक बसलाच नाही, तरी गाडी पुढे ढकला, नंतर मागच्या आवारात दुरुस्त होईल. ज्याच्या हातून किंवा डोळ्यांसमोर चूक घडली त्याने गप्प राहायचं, एवढाच त्याचा अर्थ. १९८२ मध्ये कारखाना बंद पडला.

त्यानंतर टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. टोयोटाला अमेरिकेत पाय रोवायचे होते. जनरल मोटर्सला छोटी गाडी नीट आणि नफ्यात कशी बनवायची ते शिकायचं होतं. नव्या कंपनीचं नाव न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग, बोलीत 'नम्मी'. सुरुवातीला घेतलेल्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के जुन्या कारखान्यातलेच होते, युनियनचे पुढारीही तेच. शेकडो जणांना शिकायला जपानला धाडलं. डिसेंबर १९८४ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. दोनेक वर्षांत गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या ताकाओका कारखान्याच्या तोडीला पोहोचला. ज्या माणसांना 'अमेरिकेतले सगळ्यात वाईट कामगार' म्हटलं जायचं तीच ही माणसं.

बदललं काय? साहेबांची वेगळी कॅन्टीन आणि राखीव पार्किंग गेलं, हे लोक हौसेने सांगतात. ते खरं आहे, पण तेवढ्याने गाडी चांगली बनत नाही. खरा बदल लाइनच्या वर टांगलेल्या दोरीत होता. काही चुकतंय असं वाटलं की कोणाही कामगाराने ती ओढायची. दिवा लागे, एक धून वाजे आणि टीम लीडर धावत येई. "काय झालं? काय मदत हवी?" त्याने ठरलेल्या वेळात अडचण सोडवली तर लाइन चालू राही, नाही सुटली तर थांबे. जुन्या कारखान्यात जी गोष्ट केल्यावर नोकरी गेली असती ती नव्या कारखान्यात न करणं हीच चूक ठरली.

दुसरी गोष्ट घड्याळाची. जुन्या काळी कामाचा वेळ मोजायला हातात स्टॉपवॉच घेऊन इंजिनिअर यायचा आणि कामगार मुद्दाम संथ हात चालवायचे. नव्या कारखान्यात ते घड्याळ कामगारांच्या टोळीच्या हाती दिलं. काम कसं करायचं, किती सेकंदांत, याची पद्धत त्यांनीच आखायची आणि सुधारायची. परिणाम बघण्यासारखा आहे. व्यवस्थापनाचे अभ्यासक पॉल ॲडलर यांनी या कारखान्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या नोंदीनुसार जुन्या कारखान्यात कामगार मिनिटातले सुमारे ४५ सेकंद प्रत्यक्ष कामात असायचा, नव्यात ५७. म्हणजे काम कमी झालं नाही, चांगलंच वाढलं. तरी माणसं रजा टाकेनात. ज्यांना आणखी काम काढून घ्यायचं आहे त्यांनी शिफ्ट लांबवण्याआधी हे ४५ आणि ५७ एकदा शांतपणे पाहावेत.

तिसरी गोष्ट करारातली. कंपनीचं अस्तित्वच धोक्यात आल्याशिवाय कोणाला घरी पाठवायचं नाही, असं युनियनला लिहून दिलेलं होतं. १९८८ च्या सुमारास गाडी खपेना आणि कारखाना क्षमतेपेक्षा बराच खाली चालू लागला, तेव्हा कोणाला काढलं नाही. रिकाम्या माणसांना प्रशिक्षणाला बसवलं, सुधारणेच्या कामांवर लावलं. माझ्या मते सगळ्यांचा पाया हा आहे, दोरी नव्हे. आपण सुधारणा सुचवली, दोन माणसांचं काम एकाने होईल असं दाखवून दिलं आणि त्या दोघांत आपलीच नोकरी गेली, असं होणार असेल तर शहाणा माणूस तोंड उघडेल कशाला?

जनरल मोटर्सचे व्यवस्थापक तिथे येत, बघत, फोटो काढत. मग त्यांनी आपल्याच दुसऱ्या कारखान्यांत दोऱ्या टांगल्या. कॅलिफोर्नियातच व्हॅन नाइस इथे हा प्रयोग केला. पण तिथे दोरी ओढली की मदतीऐवजी ओरडा मिळे, कारण सुपरवायझरचा बोनस अजून गाड्यांच्या संख्येवरच होता. काही कामगारांनाही जुनी युनियनबाजी सोडवत नव्हती. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला आणि २००९ मध्ये अख्खी जनरल मोटर्सच दिवाळखोरीत गेली. फ्रीमाँटचा कारखानाही २०१० मध्ये बंद पडला. जनरल मोटर्स भागीदारीतून बाहेर पडल्यावर टोयोटाने तो एकट्याने चालवला नाही. तेव्हा चांगल्या कार्यसंस्कृतीने धंदा अमर होतो, असं मी म्हणत नाही. पंचवीस वर्षं तिने उत्तम गाड्या काढून दाखवल्या, एवढं पुरेसं आहे.

हे सगळं जपान-अमेरिकेचं, आपल्याकडची माणसं वेगळी, असं म्हणणारे भेटतात. "आपल्या लोकांना दंडाच लागतो," हे वाक्य मी सुशिक्षितांच्या तोंडून फार ऐकलंय. महिंद्र अँड महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये दर्जासाठी दिलं जाणारं जपानचं डेमिंग पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणारी ती जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी. कांदिवली आणि नागपूरच्या कारखान्यांत ट्रॅक्टर बनवणारे हात आपलेच होते. ज्यांच्या नावाने हे पारितोषिक आहे त्या एडवर्ड्स डेमिंग यांच्या चौदा सूत्रांतलं एक सूत्र आहे, कामावरची भीती घालवा. दर्जाच्या आकडेशास्त्रात आयुष्य घालवलेल्या माणसाने हे सांगितलं, कारण घाबरलेल्या माणसाकडून आलेला आकडा कामाचा नसतो हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

आणि उलटं उदाहरणही आपल्याकडेच आहे. हरियाणात मानेसरच्या मारुती सुझुकी कारखान्यात जपानी पद्धतीची यंत्रणा, शिस्त, सूचनापेट्या सगळं होतं. पण त्याच कामावर कायम कामगारांच्या शेजारी मोठ्या संख्येने कंत्राटी कामगार बऱ्याच कमी पगारावर उभे होते. २०११ मध्ये कामगारांनी स्वतःची युनियन मागितली आणि संघर्ष पेटला. त्या वर्षी एका टप्प्यावर, आत यायचं तर सद्वर्तनाच्या हमीपत्रावर सही करा, असं कंपनीने सांगितलं. पुढे १८ जुलै २०१२ रोजी हिंसाचार आणि जाळपोळ झाली, त्यात मनुष्यबळ विभागाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. त्या हिंसेचं समर्थन होऊच शकत नाही आणि कोर्टाने शिक्षाही दिल्या. पण ज्या ठिकाणी दाराशी चांगलं वागण्याची सही घ्यावी लागते तिथे आत सूचनापेटी ठेवून काय उपयोग, हा प्रश्न त्यापलीकडे उरतोच.

कारखान्यांबद्दल एवढं लिहिलं म्हणून हिंजवडी-खराडीच्या काचेच्या इमारतींत सगळं आलबेल आहे असं नाही. तिथे दंडा नाही, अप्रेझल आहे. बरीच वर्षं अनेक कंपन्यांत बेल कर्व्ह होता, काही ठिकाणी वेगळ्या नावाने अजूनही आहे. टीम कितीही चांगली असो, ठरावीक टक्के माणसांना खालची रेटिंग द्यायचीच. मग शेजारच्याला अडलेलं कोडं सोडवून देणं म्हणजे स्वतःचं नुकसान करून घेणं. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही पद्धत सोडली. तिच्यामुळे माणसं बाहेरच्या स्पर्धकांशी लढायचं सोडून एकमेकांशी लढत होती, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती.

याच ऑफिसांत प्रोजेक्टची स्थिती रंगांत सांगतात, हिरवा, पिवळा, लाल. सोमवारच्या मीटिंगला दर आठवड्याला हिरवा, हिरवा, हिरवा, आणि डिलिव्हरीच्या आठवड्यात एकदम लाल. कुठलंही काम एका रात्रीत लाल होत नाही. ते कोड लिहिणाऱ्या पोराला दोन महिन्यांपासून लाल दिसत असतं. पण मागे एकदा कोणीतरी पिवळा म्हटलं होतं आणि अर्धा तास सगळ्यांसमोर त्याची हजेरी घेतली गेली होती, ते सगळ्यांच्या लक्षात असतं. म्हणून "हो सर, होऊन जाईल." मग शेवटच्या पंधरवड्यात रात्री दोन-दोनपर्यंत बसायचं, शनिवार-रविवार घालवायचे, आणि शेवटी त्या जागरणाचंच कौतुक व्हायचं. सत्तर तासांतले कितीतरी तास असे, वेळेवर न सांगितलेल्या बातमीची भरपाई करण्यात जातात. साहेब अजून बसलेत म्हणून बसण्यात जातात ते निराळेच.

इथे वरिष्ठांची फसगत होते ती आकड्यांमुळे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात इस्पितळांतल्या औषधं देण्याच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या प्रमुखाच्या, एकोप्याच्या वॉर्डांत चुका कमी होतील असा अंदाज होता. निघालं उलटंच, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर कळलं की चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या. कडक वॉर्डात नर्स चूक गिळून टाकत. हा निष्कर्ष आपल्याकडच्या प्रत्येक कार्यालयाला लावून पाहावा. कंपन्यांना वार्षिक अहवालात लैंगिक छळाच्या तक्रारींची संख्या द्यावी लागते. हजारो माणसांच्या कंपनीत तो आकडा वर्षानुवर्षं शून्य असेल तर अभिनंदन करण्याऐवजी काळजी वाटायला हवी. शून्य अपघात, शून्य रिजेक्शन, शून्य तक्रार अशा फलकांखाली उभं राहून फोटो काढणाऱ्यांनीही.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळता येत नाही. भोसरीत किंवा वाळूजला दहा-बारा माणसांचं वर्कशॉप चालवणारा मालक म्हणेल, "दोरी-बिरी ठीक आहे हो, पण उद्या सकाळी माल पोहोचला नाही तर मोठी कंपनी माझी ऑर्डर काढून घेईल." त्याचं खोटं नाही. तो स्वतःच एका लांब लाइनवर उभा आहे आणि त्याच्या हाताशीही दोरी नाही. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे. तरी पैसे थकतातच, म्हणून पुढे प्राप्तिकराच्या कायद्यात वेगळी तरतूद करावी लागली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर मोठ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. ती लागू झाल्यावर, आमचे ग्राहक आता लघुउद्योग म्हणून नोंदणी नसलेल्या पुरवठादारांकडे वळतील, अशी भीती खुद्द लघुउद्योजकांतूनच व्यक्त झाली. थकलेलं बिल मागायलाही जो घाबरतो तो आपल्या कामगाराला "चूक दिसली तर बिनधास्त सांग" कुठल्या तोंडाने सांगणार? भीती अशी ग्राहकाकडून मालकाकडे, मालकाकडून सुपरवायझरकडे आणि तिथून शेवटच्या हेल्परकडे उतरत जाते. त्यामुळे कार्यसंस्कृती सुधारायची जबाबदारी एकट्या छोट्या मालकावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागापासून सुरुवात व्हायला हवी.

दुसरा आक्षेप आहे धाकाचा. धाकाने काम होत नाही का? होतं. जे काम नुसत्या नजरेने मोजता येतं, विटा वाहून नेणं, पोती उतरवणं, तिथे डोक्यावर उभं राहिलं की वेग वाढतो. पण असं काम आता राहिलंय किती? वेल्डिंगच्या आतली भेग, प्रोग्रॅममधली चूक, रुग्णाच्या कागदावरचा चुकीचा डोस, बँकेतल्या फाइलवरची खोटी सही या गोष्टी फक्त त्या जागेवरच्या माणसालाच दिसतात. त्याने सांगितलं तरच वर कळतात.

म्हणून बारा तासांच्या प्रश्नाकडे पुन्हा यायला हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे नियमांचे तपशील बदलत राहतील. पण राज्याच्या निर्णयात एक दिलासा दिला गेला होता, जादा काम कामगाराच्या लेखी संमतीनेच. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात रांजणगावच्या एखाद्या कारखान्यात ठेकेदाराकडून आलेला, कायम करावं लागू नये म्हणून अकराव्या महिन्यात ब्रेक मिळणारा, मराठवाड्यातून येऊन चौघांत एक खोली घेऊन राहणारा पोरगा त्या कागदावर 'नाही' लिहील? ज्याला लाइन थांबवता येत नाही त्याला शिफ्टही थांबवता येत नाही. त्याची सही ही संमती नसून हजेरी आहे.

सरकारला ही तरतूद खरोखर जिवंत ठेवायची असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने प्रत्येक कारखान्याकडून दोन आकडे मागावेत. जादा कामाला किती जणांनी नकार दिला, आणि नकार देणाऱ्यांपैकी किती जण सहा महिन्यांनी तिथेच कामाला होते. दोन्ही आकडे कायम आणि कंत्राटी कामगारांचे वेगवेगळे. तपासणीला माणसं कमी आहेत ही अडचण नेहमीची, म्हणून कुठून सुरुवात करायची तेही याच आकड्यांतून ठरवता येईल. जिथे हजारच्या हजार कामगारांनी आनंदाने सही केली आहे आणि एकानेही नकार दिलेला नाही, त्या कारखान्यात निरीक्षकाने सगळ्यात आधी जावं.